पंडिता रमाबाई : सेवाकार्याच्या मुळाशी असलेली लेखणी

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या ख्रिस्ती समाजात आदराने घेतले जाते. केडगावच्या मुक्ती मिशनचा दाखला प्रवचनांतून दिला जातो, शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत एखादी मुलगी त्यांच्यावर पाठ केलेले भाषण करते, आणि १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले ही गोष्टही अभिमानाने सांगितली जाते. परंतु त्यांचे एखादे पुस्तक वाचलेला वाचक आपल्या धर्मग्रामांत शोधू गेल्यास फार थोडे हात वर होतील. याचे एक कारण आम्हास असे दिसते की, सेवाव्रती माणसांविषयी लिहिण्याची आपली एक ठरलेली रीत झाली आहे. जन्म, दारिद्र्य, साक्षात्कार, संस्था, सन्मान, मृत्यू अशा क्रमाने चरित्र मांडावयाचे आणि मधल्या जागा विशेषणांनी भरून काढावयाच्या. गौरवग्रंथ आणि महोत्सवी स्मरणिका चाळल्या म्हणजे हा प्रकार ध्यानात येतो. या रीतीत रमाबाई 'अनाथांची माउली' होतात, आणि लेखिका रमाबाई मात्र दिसेनाशा होतात.

प्रस्तुत लेखात आम्हास एवढेच मांडावयाचे आहे की, रमाबाईंच्या बाबतीत लेखन हे सेवेचे उपांग नव्हते. सेवा लेखनातून उगवली. एवढेच नव्हे, तर त्या सेवेचा खर्चही आरंभी लेखणीनेच भागविला. ही लेखणी कशी होती हे पाहिल्यावाचून ते कार्यही नीट कळणार नाही. आणि ही लेखणी आपणां कॅथलिकांना काही ठिकाणी अडचणीत टाकणारी आहे. ती अडचण टाळून त्यांचा गौरव करणे आम्हास प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

चरित्राचा सांगाडा थोडक्यात सांगून पुढे जाऊ. जन्म २३ एप्रिल १८५८, पश्चिम घाटातील गंगामूळ येथे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातन्यांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि या मातेने ते मुलीस शिकविले. पुराणे सांगत तीर्थयात्रा करणारे हे कुटुंब १८७० नंतरच्या दुष्काळात उद्ध्वस्त झाले. आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली बहीणभावंडे पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत तेही पटकीने गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. वय वर्षे तेवीस.

या अवस्थेत पुण्यास आलेल्या विधवेने त्याच वर्षी काय केले? पुस्तक लिहिले. 'स्त्रीधर्मनीति' हे त्यांचे पहिले पुस्तक १८८२ चे. वाङ्मय म्हणून ते फारसे यशस्वी नाही, हे स्पष्ट सांगावयास हवे. भाषा संस्कृतप्रचुर, उपदेश लांबलचक, आणि अज्ञानाचा दोष स्त्रियांच्याच माथी मारण्याकडे कल. मराठी शब्द हाताशी नसला की लेखिका संस्कृत भांडारात हात घालते आणि वाक्य जड होते. परंतु या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांतून त्यांनी १८८३ साली इंग्लंडचा प्रवास केला, ही गोष्ट लक्षात ठेवावी. कोणाचे मिंधे न होता जाण्याची सोय पुस्तकाने करून दिली. पुढील साऱ्या रमाबाई या एका गोष्टीत आहेत.

इंग्लंडमध्ये त्या वॉन्टेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन व्रतस्थ भगिनींच्या मठात राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह स्नानसंस्कार घेतला. वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा बेत वाढत्या बहिरेपणामुळे सोडावा लागला, आणि चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतराने मोठा गहजब झाला. महात्मा फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, पण असे आवाज विरळा. इकडे आपल्याच माणसांचा रोष, आणि तिकडे? तिकडेही सारे सुखाचे नव्हते. त्याची साक्ष त्यांच्या पत्रांत आहे.

ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केली. ती जपून ठेवली आणि जुळविली सिस्टर जेराल्डिन यांनी, म्हणजे ज्यांच्याशी रमाबाईंचे सर्वाधिक वाद झाले त्यांनीच. आपल्याशी भांडणाऱ्या मुलीची पत्रे एवढ्या निगुतीने सांभाळणाऱ्या या भगिनीविषयी आम्हास आदर वाटतो. तिने मधूनमधून रमाबाईंना गर्विष्ठ ठरविले आहे, तरीही.

या पत्रांतील एक वाद आपल्या वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावा. गळ्यात घालण्याच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. रमाबाईंची हरकत होती ती या अक्षरांस. त्यांचे म्हणणे असे की, जी भाषा मला येत नाही, माझ्या देशातील स्त्रियांना येत नाही, ती मी अंगावर का वागवावी? कोरावयाचेच तर संस्कृत शब्द कोरावेत. संस्कृत ही देववाणी आहे म्हणून नव्हे, तर ती माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून. सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. भारतीय पद्धतीचा शाकाहार न सोडण्यातही त्यांना जातीचा अभिमान दिसला.

आज हे वाचताना आपल्या मनात काय येते? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेतील उपासनेस दार उघडले. आपल्या वडीलधाऱ्यांना लॅटिन मिस्सा आठवते. मराठी मिस्सा रुळू लागली तेव्हा कित्येकांना आपण काही पवित्र गोष्ट गमावत आहोत असे वाटले होते. त्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी पंचविशीतील एक नवख्रिस्ती विधवा परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर राहून, हाच प्रश्न विचारीत होती. आणि आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेस तो प्रश्न तेव्हाही नवा नसावा. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले, ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले, याचा आपण केवढा अभिमान बाळगतो. स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि मराठीत बोलले. रमाबाई महाराष्ट्रातून इंग्लंडला गेल्या, आणि त्यांना आपल्या भाषेतील शब्द क्रुसावर मिळावेत म्हणून भांडावे लागले.

दुसरा वाद याहून कठीण आहे. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील अँग्लिकन महागुरूंनी हरकत घेतली. तेव्हा रमाबाईंनी उत्तर दिले की, माझ्या आईने तरुण विद्यार्थ्यांना शिकविले त्यास माझ्या वडिलांनी हरकत घेतली नव्हती, मी पुरुषांच्या सभांत बोलले त्यास माझ्या पतीने हरकत घेतली नव्हती, आणि इंग्रजांनी घ्यावी याचे आश्चर्य वाटते. येथवर आपण त्यांच्या बाजूने सहज उभे राहतो. पण त्या पुढे जातात. त्रैक्य, कुमारीजन्म, श्रद्धासूत्रे यांविषयी त्या प्रश्न विचारतात. ख्रिस्तसभा सांगते म्हणून मी मानणार नाही, शास्त्रात दाखवा, म्हणतात. आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतीच सुटलेली मी दुसऱ्याच्या जोखडात मान देणार नाही, असा सूर लावतात. एक धर्मगुरू म्हणून हे वाचणे आम्हास सुखाचे झाले, असे म्हणता येणार नाही. प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा ही जोखड नव्हे, ती शास्त्र वाचण्यास दिलेला दिवा आहे, अशी आमची श्रद्धा आहे. पुढे रमाबाई ज्या मार्गाने गेल्या तो आमचा मार्ग नव्हे.

तरीही प्रश्न उरतोच. ही हट्टी बुद्धी की सदसद्विवेकबुद्धी? त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे कार्डिनल न्यूमन हयात होते. १८७५ साली ड्यूक ऑफ नॉरफोकला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सदसद्विवेकबुद्धीस अग्रमान दिला, आणि त्याच दमात ही बुद्धी म्हणजे मन मानेल तसे वागण्याचा परवाना नव्हे असेही बजावले. २०१९ साली संतपदास पोहोचलेल्या या महापुरुषाची कसोटी रमाबाईंना लावून पाहिली, तर आम्हास असे दिसते की, ज्याला मन मानेल तसे वागावयाचे असते तो सोयीची बाजू धरतो. रमाबाईंनी एकही सोयीची बाजू धरली नाही. पुण्यात राहून 'पंडिता' म्हणून मिरविणे सोयीचे होते. वॉन्टेजमध्ये गप्प राहणे सोयीचे होते. त्यांनी दोन्ही घरे दुखावली. ज्या धर्मसमूहात त्या आल्या त्याच्याशी भांडताना त्यांनी प्रभू येशूस मात्र कधी सोडले नाही. परिषदेच्या १९६४ सालच्या ख्रिस्तैक्यविषयक आदेशानंतर विभक्त बांधवांच्या जीवनातील कृपेचे कार्य ओळखणे हे आपले कर्तव्यच आहे. ते ओळखताना त्यांचे आपल्याशी असलेले मतभेद झाकून ठेवण्याची गरज नाही.

१८८६ च्या फेब्रुवारीत त्या लिव्हरपूलहून अमेरिकेस निघाल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात तो पार पडला. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या, आणि या काळात त्यांची दोन मुख्य पुस्तके आकारास आली. ती एकमेकांसमोर ठेवून वाचावीत.

पहिले 'द हाय-कास्ट हिंदू वुमन', १८८७ चे. इंग्रजीत, अमेरिकन वाचकांसाठी. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीचे बालपण, विवाह, धर्मातील स्थान, वैधव्य असा क्रम लावून शेवटी आवाहन केले आहे. मदत मागण्यासाठी लिहिलेली पुस्तके आपण पुष्कळ पाहतो. त्यांत अश्रू आधी येतात आणि हिशेब मागाहून येतो, किंवा येतच नाही. रमाबाई आधी मनुस्मृती उघडतात, मग खानेसुमारी उघडतात. १८८१ च्या गणनेतून त्या एकोणीस वर्षांपर्यंतच्या विधवांचा आकडा काढतात : ६,६९,१००. त्यांपैकी नऊ वर्षांपर्यंतच्या ७८,९७६. या आकड्यांवर त्या भाष्य फार करीत नाहीत, आणि तेच परिणाम करते. रखमाबाईच्या खटल्याची हकीकत सांगताना इंग्रज सरकारलाही त्या सोडीत नाहीत. हिंदू कायदा, बलाढ्य सरकार आणि कोट्यवधी पुरुष यांच्यासमोर एक स्त्री उभी राहिली याचेच नवल वाटावे, असे त्या उपरोधाने लिहितात. शेवटी मागणी तीन शब्दांची : स्वावलंबन, शिक्षण, देशी शिक्षिका. या पुस्तकाच्या विक्रीतून पैसा उभा राहिला, १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, आणि दहा वर्षे मदतीचे वचन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले ते या पुस्तकाच्या बळावर.

पुस्तकाची मर्यादा त्याच्या नावातच आहे. खालच्या मानलेल्या जातींतील स्त्री त्यात नाही. लेखिकेची दृष्टी तोवर आपल्या वर्गापलीकडे गेलेली नव्हती. ती उणीव पुढे दुष्काळाने भरून काढली.

दुसरे पुस्तक मराठीत, १८८९ साली मुंबईत छापलेले : 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. आमच्या मते हा रमाबाईंचा सर्वांत चांगला ग्रंथ होय, आणि मराठी गद्यातील त्याचे स्थान अद्याप नीट ठरलेले नाही. पहिल्या पुस्तकात त्यांनी अमेरिकेस हिंदुस्थानचे दोष सांगितले होते. या पुस्तकात त्यांनी महाराष्ट्रास अमेरिकेचे गुण सांगितले. निंदकांस यात घरभेदीपणा दिसला असल्यास नवल नाही. परंतु पुस्तक प्रत्यक्ष वाचल्यास चित्र निराळे दिसते. राज्यव्यवस्था, घरगुती राहणी, विद्या, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम अशी त्याची प्रकरणे. इंग्रजांचे राज्य झुगारून दिलेल्या एका राष्ट्राचे वर्णन इंग्रजी अमलाखालील वाचकांपुढे ठेवताना आपण काय करीत आहोत याची लेखिकेस पूर्ण जाणीव आहे. गुलामगिरीविषयी, मूळ रहिवाशांची भूमी बळकावण्याविषयी, काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी तिने कठोर शब्द वापरले आहेत. स्त्रियांना मत नाही, वेतन कमी, कायदे नवऱ्याच्या बाजूचे, हेही लिहिले आहे. आणि तरीही स्त्रियांनी एकत्र येऊन संस्था कशा चालविल्या, पै पै कशी जमविली, सभा कशा घेतल्या हे सांगताना तिची लेखणी खुलते. सात वर्षांपूर्वीची जड संस्कृत शैली येथे कोठल्या कोठे गेली आहे. वाक्ये चालती झाली आहेत. मधूनच खट्याळ विनोद डोकावतो. त्या काळी गोरे मिशनरी आपल्या लोकांच्या चालीरीती लिहून मायदेशी पाठवीत. येथे एक मराठी विधवा गोऱ्यांच्या चालीरीती पाहून त्या आपल्या माणसांना समजावून सांगते आहे. हा उलटा प्रवास आपल्या साहित्यात फार दुर्मीळ होता.

शारदा सदनाची पुढील कथा परिचित आहे. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. १८९३ साली मुली ख्रिस्ती होत असल्याच्या आरोपावरून वादळ उठले, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुली पालकांनी काढून नेल्या. आपल्याकडे या प्रकरणात सारा दोष सनातन्यांवर टाकण्याची प्रथा आहे. आम्हास ते पुरते न्याय्य वाटत नाही. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही, फक्त आपल्या प्रार्थनेचे दार बंद केले नाही, हे खरे. पण धर्मनिरपेक्ष म्हणून काढलेल्या संस्थेत ज्यांच्यावर मुली प्रेम करतात त्यांची श्रद्धा मुलींपर्यंत पोहोचल्यावाचून राहात नाही, आणि रानड्यांसारख्या सहृदय माणसास त्याचा पेच पडला तर तो द्वेष नव्हे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. सर्व जातींच्या मुली एकत्र. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. अंध स्त्रियांसाठी बार्तीमय सदन, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. हे लेखिकेने स्वतःच्या पहिल्या पुस्तकाची केलेली दुरुस्ती होती, असे आम्ही समजतो.

दुष्काळ त्यांनी आधी पोटाने ओळखला होता, हे त्यांच्या आत्मकथनपर लेखनातून कळते. आईच्या मृत्यूचे वर्णन पाहावे. तिरडी उचलावयास चार माणसे मिळेनात. कसेबसे दोघे ब्राह्मण आले. तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी पडली म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. हे सांगताना एक विशेषण नाही, हुंदका नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊक आहे की, त्या दुःख सांगतानाही हसू आणतात. रमाबाई हसू आणीत नाहीत आणि रडूही आणीत नाहीत. घडले ते सांगतात आणि पुढे चालू लागतात. असा कोरडेपणा साधणे सोपे नाही.

मात्र १९०७ च्या 'माझी साक्ष'मध्ये ही लेखणी कोठे कोठे आकुंचित झालेली दिसते. १८९१ च्या सुमारास आलेल्या आध्यात्मिक अनुभवानंतर त्यांची श्रद्धा अधिक तीव्र झाली आणि दृष्टी अधिक एकेरी झाली. ज्या हिंदू परंपरेत आईकडून विद्या मिळाली तिच्याविषयी त्या आता केवळ अंधार पाहतात. ज्या लेखिकेने अमेरिकेचे गुणदोष एवढ्या समतोलाने तोलले, तिने आपल्या पूर्वजांना तोच तराजू लावला असता तर बरे झाले असते. नव्याने श्रद्धा लाभलेल्या माणसाचा हा दोष मिशनरी वाङ्मयात ठायी ठायी आढळतो. रमाबाईंमध्ये तो अधिक खटकतो, कारण त्यांच्याकडून आपली अपेक्षा अधिक असते.

शेवटची अठराएक वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतरास दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. उपलब्ध मराठी बायबल खेड्यातील बाईस कळत नाही, त्यातील संस्कृत शब्द तिला परके वाटतात, म्हणून साधी मराठी वापरावयाची, हा त्यांचा निश्चय. ज्या रमाबाईंनी क्रुसावर संस्कृत अक्षरे मागितली होती त्यांनीच आता बायबलमधून संस्कृत काढून टाकावे, यात काहींना विसंगती दिसते. आम्हास ती दिसत नाही. वॉन्टेजमध्ये त्यांना लॅटिनसमोर आपल्या देशाची भाषा हवी होती. केडगावात ज्या मुलींसमोर त्या बसल्या होत्या त्यांच्यासाठी संस्कृतही लॅटिनच होते.

भाषांतर म्हणून ते सर्वस्वी यशस्वी झाले नाही. मूळ शब्दाशी इमान राखण्याच्या अट्टाहासाने मराठी वाक्यरचना अनेकदा मोडते. 'लोकस्थिती'मधील प्रवाही गद्य येथे सापडत नाही. बोलीच्या जवळ जाणारे तरीही डौलदार बायबल मराठीस मिळण्यास अजून बराच काळ जावयाचा होता. २०१० साली आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' वाचताना रमाबाईंची आठवण येते ती यासाठीच. वाट त्यांनी खणली होती. चालण्याजोगी ती मागाहून झाली.

एक गंमत येथे नोंदविण्याजोगी आहे. ज्या अँग्लिकन ख्रिस्तसभेशी त्यांचे एवढे वाद झाले, तिच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस पंडिता मेरी रमाबाईंच्या स्मरणाचा आहे. आणि तेथे त्यांची ओळख अनाथांची माता अशी दिलेली नाही. पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार अशी दिली आहे. आपल्या स्मरणिकाकारांपेक्षा वॉन्टेजच्या वारसदारांस त्या अधिक कळल्या, असे म्हणावे लागते.

मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी मिरजेस वारली. आईपाठोपाठ मुलीने संस्था चालवावी हा बेत संपला. रमाबाईंनी भाषांतराचे काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघाले, ते केडगावच्याच छापखान्यात. खिळे जुळविण्याचे काम तेथे मुली आणि स्त्रिया करीत. त्यांतील कित्येक जणी दुष्काळातून आलेल्या होत्या आणि केडगावास येईपर्यंत त्यांनी अक्षर पाहिलेले नव्हते.